जुन्या नॅशनल टीमच्या फुटबॉल जर्सी कशा गोळा करायच्या: आधी जर्सी उलटी करून बघायला शिका

क्लबची जर्सी दरवर्षी बदलते, एका सीझनला तीन-तीन निघतात, आणि छातीवर कुठल्यातरी कंपनीचं मोठं नाव असतं. नॅशनल टीमचं तसं नाही. एक जर्सी साधारण दोन वर्षं चालते, एखाद्या वर्ल्डकपला नाहीतर युरोला (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला) कायमची चिकटते, आणि मॅचमध्ये घातलेल्या जर्सीवर जाहिरात नसते. त्यामुळे पश्चिम जर्मनीची ती काळ्या-लाल-सोनेरी नागमोडी पट्ट्याची पांढरी जर्सी दिसली की 1990 चा इटलीतला वर्ल्डकप, मॅथॉयस, क्लिन्समानसारखे खेळाडू, सगळं एका क्षणात आठवतं. हे सुख ज्यांना कळतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. थोडा लांब झालाय, पण पैसे घालवण्याआधी हे माहीत असणं खरंच गरजेचं आहे कारण या बाजारात नकली माल भरपूर आहे.

पायरी 1: नक्की काय गोळा करायचं ते ठरवा

सगळं आवडतं म्हणून सगळं घ्यायला गेलं की कपाट भरतं आणि कलेक्शन होत नाही. एक धागा पकडा. एकच देश घ्या, किंवा एकच स्पर्धा घ्या (1998 च्या फ्रान्स वर्ल्डकपच्या जर्सी, त्यात क्रोएशियाची लोट्टो कंपनीची चौकटींची, जमैकाची काप्पा, जपानची असिक्सची बाहीवर ज्वाळा असलेली, मेक्सिकोची आझ्टेक सूर्यशिळा छापलेली, एवढ्यावरच आयुष्य जाईल), किंवा एकच कंपनी घ्या. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगाल आणि ब्राझील, कोल्हापुरात ब्राझील आणि अर्जेंटिना हे प्रेम आधीपासून आहेच, तर जे घरात आहे तिथूनच सुरुवात केलेली बरी.

नवीन माणसाला माझा सल्ला, 1996 ते 2006 या दहा वर्षांतून सुरू करा. माल अजून मिळतो, लेबलं वाचता येतात, कापड अंगावर घालण्याइतकं टिकलेलं असतं. 1970 च्या दशकातल्या जर्सीला थेट हात घालू नका, तिथे ओळखायला नजर लागते आणि ती नजर हाताखालून जर्सी गेल्याशिवाय येत नाही.

पायरी 2: विकणारे काय शब्द वापरतात ते समजून घ्या

रेप्लिका म्हणजे त्या काळात दुकानात चाहत्यांना विकलेली अधिकृत जर्सी. बहुतेक कलेक्शन याचंच असतं आणि त्यात काही कमीपणा नाही. प्लेअर इश्यू म्हणजे खेळाडूंसाठी बनवलेली पण मैदानावर घातली असेलच असं नाही. मॅच वॉर्न म्हणजे प्रत्यक्ष घातलेली. डेडस्टॉक म्हणजे जुना पण न वापरलेला, टॅगसकट पडून राहिलेला माल. रीइश्यू म्हणजे जुनी डिझाईन कंपनीने किंवा लायसन्स घेतलेल्या दुसऱ्या कंपनीने आता नव्याने बनवलेली. स्कोअर ड्रॉ, टॉफ्स, कोपा या कंपन्या हेच काम करतात, आणि घालायला त्या उत्तम आहेत, फक्त कोणी रीइश्यू जुनी म्हणून जुन्याच्या भावात विकत असेल तर तिथून निघा.

आणि मग आपलं फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, थाय क्वालिटी. नावं कितीही भारी असली तरी ती नक्कलच. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर मिळणारी "रेट्रो" जर्सी मॅच बघताना घालायला ठीक आहे, पण ती कलेक्शनमध्ये मोजू नका.

पायरी 3: कुठल्या देशाला कुठली कंपनी कधी होती हे पाठ करा

हे कंटाळवाणं वाटेल पण अर्ध्या नकली जर्सी इथेच गळतात. अर्जेंटिना 1982 आणि 1986 च्या वर्ल्डकपला ले कॉक स्पोर्टिफ घालायची, 1990 ला अ‍ॅडिडास आलं, मग 1999 ते 2001 मध्ये मध्येच रीबॉक, आणि 2001 पासून परत अ‍ॅडिडास. ब्राझीलचं 1982, 1986, 1990 टॉपर, 1994 ला अंब्रो आणि 1998 च्या वर्ल्डकपपासून नाइके. हॉलंडचं 1988 ला अ‍ॅडिडास, 1994 ला लोट्टो, 1998 पासून नाइके. इटलीचं 1986 ते 1994 डियाडोरा, मग नाइके, युरो 2000 ला काप्पा, 2006 ला जिंकले तेव्हा पुमा. इंग्लंडचं 1974 पासून अ‍ॅडमिरल आणि 1984 पासून 2013 पर्यंत अंब्रो. पोर्तुगाल 1997 ते 2024 नाइके.

म्हणजे कोणी "1990 ची मॅराडोनाची ले कॉक" म्हणून विकत असेल तर पुढचा फोटो बघायचीही गरज नाही.

कंपनीचा लोगोसुद्धा काळानुसार बदलतो. अ‍ॅडिडासचं तीन पानांचं ट्रेफॉईल 1990 च्या वर्ल्डकपपर्यंत छातीवर होतं, त्यानंतर तिरक्या तीन पट्ट्यांचा इक्विपमेंटवाला लोगो आला, 1994 च्या वर्ल्डकपला नुसतं नाव लिहिलेलं दिसतं. याच्यात एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे, 1974 ला हॉलंडची सगळी टीम अ‍ॅडिडासच्या तीन पट्ट्यांत खेळली पण त्यांचा कॅप्टन क्रॉयफ याचा करार पुमाशी होता म्हणून त्याच्या जर्सीवर दोनच पट्ट्या होत्या. त्यामुळे दोन पट्ट्यांची जर्सी दिसली की नक्कल असं डोळे झाकून म्हणता येत नाही, आधी क्रॉयफची कॉपी म्हणून बनवलेली आहे का ते बघावं लागतं (आणि बहुतेक वेळा ती रीइश्यूच निघते).

पायरी 4: जर्सी उलटी करा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. नक्कल करणारा सगळी मेहनत बाहेरच्या बाजूवर करतो, कारण फोटोत तीच दिसते. आतली बाजू त्याला परवडत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे नेहमी पाच फोटो मागा: मानेचं लेबल, धुण्याच्या सूचनांचं लेबल दोन्ही बाजूंनी, बिल्ल्याची (छातीवरच्या टीमच्या चिन्हाची) आतली बाजू, खालची शिवण, आणि नंबर असेल तर नंबर जवळून. जो हे फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊच नका, जर्सी कितीही सुंदर असू दे.

मानेच्या लेबलवर कुठे बनवली ते बघा. पश्चिम जर्मनीत बनवलेली असं लिहिलं असेल तर ती ऑक्टोबर 1990 च्या आधीची, कारण त्यानंतर तो देशच राहिला नाही. युगोस्लाव्हिया आणि चेकोस्लोव्हाकिया हे देशही आता नाहीत, त्यामुळे त्या नावांच्या लेबलवरूनही काळाचा अंदाज येतो. 1980 च्या दशकातल्या युरोपियन अ‍ॅडिडासवर एस-एम-एल ऐवजी 5, 6, 7 असे आकडे असतात, आणि ब्रिटिश जर्सीवर छातीचं माप इंचात, 38/40, 42/44 असं. "1986 ची ओरिजिनल" म्हणणाऱ्या जर्सीवर आत चकचकीत छापील लेबल आणि पाच भाषांत सूचना असतील तर थांबा आणि नीट विचार करा.

2000 नंतरच्या जर्सींचं काम सोपं आहे. अ‍ॅडिडासच्या आतल्या लेबलवर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं, 11/05 असं. 2006 च्या वर्ल्डकपची जर्सी 2005 च्या शेवटी किंवा 2006 मध्ये बनलेली असणार, तिच्यावर 2011 कसं येईल? नाइकेच्या लेबलवर सीझन असतो, एसपी म्हणजे स्प्रिंग, एसयू समर, एफए फॉल, एचओ हॉलिडे, आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. शिवाय नाइकेचा सहा आकड्यांचा (अलीकडच्या जर्सींवर अक्षरं आणि आकडे मिळून सहाचा) स्टाईल कोड आणि त्यापुढे रंगाचे तीन आकडे असतात. तो कोड सरळ सर्चमध्ये टाका. तीच जर्सी आली तर चांगली खूण, भलताच शूज किंवा दुसऱ्या देशाची जर्सी आली तर नक्कल, कारण नक्कल बनवणारे एकच लेबल छापून पन्नास जर्सींना लावतात. एक काळजी मात्र घ्या, कोड बरोबर असला म्हणजे जर्सी खरी असंही नाही, तो खऱ्यावरून उचलता येतो. कोड चुकीचा असेल तर मात्र विषय संपला.

बिल्ल्याची आतली बाजू: भरतकाम असेल तर मागे टाके आवळलेले, सुटसुटीत असतात. नकलीत मागे पांढरा कागदासारखा तुकडा वेडावाकडा कापलेला, अक्षरांमधून दोरे एकाकडून दुसऱ्याकडे ओढलेले. खालच्या शिवणीला लोंबणारे धागे एकदोन असतील तर चालतं, सगळीकडे असतील तर नाही.

लेबलच कापलेलं असेल तर? खूप लोक टोचतं म्हणून कापतात, त्यामुळे जर्सी खरी असू शकते. पण मग भाव कमी झाला पाहिजे आणि बाकीच्या खुणा दुप्पट कसून तपासल्या पाहिजेत. आणि नुसती जुनी दिसते म्हणून खरी मानू नका. 1990 च्या दशकातही रस्त्यावर नकली जर्सी विकल्या जायच्या, त्या आज तीस वर्षांच्या झाल्यात.

पायरी 5: आता बाहेरून बघा

पाठीवर खेळाडूचं नाव. युरोत हे 1992 ला आलं आणि वर्ल्डकपमध्ये 1994 ला. म्हणजे 1986 च्या मॅराडोनाच्या जर्सीवर फक्त 10 असतो, नाव नसतं. बाजारात नावासकट शेकड्याने फिरतात, त्या सगळ्या नंतर छापलेल्या. वर्ल्डकपमध्ये छातीवरचा नंबरही सगळ्या टीमना 1994 पासूनच आला.

तारे. ब्राझीलच्या 1994 च्या अंब्रो जर्सीवर, ज्यात कापडातच मोठे बिल्ले उमटवलेले आहेत, स्पर्धेत तीन तारे होते (जिंकलेल्या प्रत्येक वर्ल्डकपचा एक: 1958, 1962, 1970). चौथा तारा जिंकल्यानंतर आला. चार ताऱ्यांची अंब्रो म्हणजे नकलीच असं नाही, ती नंतर निघालेली आवृत्ती असू शकते, आणि "रोमारिओने फायनलला घातली तशी" म्हणून जास्त पैसे मागत असतील तर देऊ नका. फ्रान्स 1998 चं तेच, स्पर्धेत खेळताना तारा नव्हता.

स्पॉन्सर. मी वर म्हटलं की मॅचच्या जर्सीवर जाहिरात नसते, पण दुकानातल्या रेप्लिकेवर असू शकते. आयर्लंडच्या 1990 च्या रेप्लिकेवर ओपेलचं नाव आहे आणि ती अस्सल आहे, जरी इटलीतल्या वर्ल्डकपला खेळाडूंनी तशी घातली नाही. अशा जर्सी काही लोक नकली समजून सोडून देतात, तुम्ही सोडू नका.

कापड. 1970 च्या दशकापर्यंत कॉटन बरंच दिसतं, 1980 च्या दशकात चमकदार सिंथेटिक येतं, त्या दशकाच्या शेवटापासून पॉलिएस्टरमध्येच रंग मुरवून किंवा विणीतच नक्षी काढून डिझाईन केलेलं असतं, त्यामुळे हॉलंडच्या 1988 च्या जर्सीवरची भौमितिक नक्षी बोटाला लागत नाही. वरून छापल्यासारखी जाड लागली तर संशय घ्या.

पायरी 6: कुठे शोधायच्या आणि कधी घ्यायच्या

ईबे आणि युरोपात विंटेड या दोन मोठ्या जागा. मँचेस्टरचं क्लासिक फुटबॉल शर्ट्स 2006 पासून हाच धंदा करतंय, तिथे महाग पडतं पण तपासलेला माल मिळतो आणि मुख्य म्हणजे त्यांचे फोटो बघून नजर तयार होते, फुकटात. जर्मनी, इंग्लंड, नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी रविवारचे फ्ली मार्केट आणि चॅरिटी शॉप्स अजिबात सोडू नयेत. तिथे विकणाऱ्याला बऱ्याचदा माहीतच नसतं की हातात काय आहे. गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात बहुतेक नकलीच मिळेल, पण परदेशी लोक कपडे सोडून जातात तिथे, त्यामुळे ढिगात हात घालून बघायला हरकत नाही.

सर्च करताना देशाच्या भाषेत शब्द टाका. जर्मनीच्या जर्सीसाठी ट्रिकोट, इटलीसाठी माल्या, स्पॅनिशमध्ये कामिसेता, पोर्तुगीजमध्ये कामिसोला, ब्राझीलमध्ये कामिसा. अर्थात त्यांच्या लिपीत. इंग्रजीत सगळं जग शोधतंय, स्थानिक भाषेत फार कमी लोक.

वर्ल्डकप चालू असताना घेऊ नका. त्या काळात भाव चढतात आणि नकली मालाचा पूर येतो. स्पर्धा संपल्यावर शांतपणे घ्या, हरलेल्या टीमच्या जर्सी तर लोक चटकन काढून टाकतात.

भारतात मागवायचं म्हणजे कस्टम्स ड्युटी, त्यावर जीएसटी, आणि कुरिअर कंपनीचे वेगळे हँडलिंग चार्जेस. हे सगळं धरून जर्सीचा खरा भाव काढा, नाहीतर स्वस्त वाटलेली जर्सी दारात येईपर्यंत जड होते. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, त्यामुळे पार्सल अडकू शकतं, आधी नियम बघून घ्या. विकणाऱ्याला खोटी किंमत लिहायला सांगू नका, पार्सल हरवलं तर भरपाईही तेवढीच मिळेल. सगळ्यात सोपं म्हणजे चुलत भाऊ, मावशी, कॉलेजचा मित्र कोणीतरी बाहेर असतंच, त्यांच्या पत्त्यावर मागवा आणि दिवाळीला येताना बॅगेतून आणायला सांगा. एकदोन जर्सी आणा म्हणा, दहा नको, त्यांच्याही बॅगेत चकल्या परत न्यायला जागा लागते.

पैसे देताना परदेशी व्यवहारात पेपाल वापरत असाल तर गुड्स अँड सर्व्हिसेसनेच द्या. इंस्टावरच्या भारतीय विक्रेत्याला यूपीआयने एकदा पैसे गेले की परत मिळवणं अवघड असतं, म्हणून आधी व्हिडिओ मागा, त्यात जर्सी उलटी करून दाखवायला लावा.

पायरी 7: माप आणि कंडिशन

लेबलवरच्या साईझवर विसंबू नका. 1990 च्या दशकातल्या जर्सी ढगळ असायच्या, तेव्हाचा एम आत्ताच्या एक्सएलएवढा निघू शकतो. उलट इटलीची 2000 ची काप्पा कॉम्बॅट अंगाला चिकटणारी होती, त्यात एक-दोन साईझ मोठी घ्यावी लागते. विकणाऱ्याला काखेपासून काखेपर्यंत आणि कॉलरपासून खालपर्यंत सेंटिमीटरमध्ये माप विचारा आणि तुमच्या घरातल्या एखाद्या शर्टशी ताडून बघा.

कंडिशनमध्ये काय चालतं? ओढलेला एखादा धागा, थोडे गोळे, चालतं. काखेतले पिवळे डाग सहसा जात नाहीत. नंबरला तडे गेले असतील तर ते पुढे वाढतातच. बिल्ला उसवून परत शिवलाय का ते आतून दिसतं. माझं मत स्पष्ट आहे, थोडी वापरलेली, कोणीतरी प्रेमाने घातलेली अस्सल जर्सी ही टॅगसकट संशयास्पद जर्सीपेक्षा केव्हाही चांगली.

पायरी 8: धुणं आणि सांभाळणं

उलटी करून, थंड पाण्यात, सौम्य लिक्विडने, हाताने. पिळू नका, ब्लीच नको, ड्रायर तर नकोच, आणि वाळवताना सावलीत. नंबरवर इस्त्री कधीच फिरवू नका. जुने मखमलीसारखे नंबर असतील तर ब्रशने घासू नका, ती मखमल निघून येते.

कोकण, मुंबई, गोव्यातल्या लोकांना खरा त्रास पावसाळ्याचा. दमट हवेत बुरशी येते, रबरासारखे नंबर चिकट होतात आणि घडीत एकमेकांना चिकटतात, मग उघडताना अर्धा आकडा दुसऱ्या बाजूला जातो. त्यासाठी नंबर आणि बिल्ल्याच्या मध्ये साधा पांढरा बटर पेपर ठेवा, घडी नंबरवरून न जाता बाजूने घाला. प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत कोंडू नका, सुती पिशवी किंवा जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून बाहेर काढून पंख्याखाली धरा. डांबरगोळ्या जर्सीला लागतील अशा ठेवू नका, वास जात नाही आणि छपाईलाही त्रास होऊ शकतो. तशीही कसर लागते ती कॉटन-लोकरीला, पॉलिएस्टरला सहसा नाही.

भिंतीवर फ्रेम करायची असेल तर उन्हाची भिंत सोडून, यूव्ही किरणं अडवणारी काच घालून करा, आणि जर्सी चिकटवायची नाही, टाके घालून बसवायची.

पायरी 9: मॅच वॉर्नच्या मोहात पडण्याआधी

22 जून 1986, अझ्टेका स्टेडियम, इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाचे दोन गोल. त्या दिवशीची निळी जर्सी कशी आली माहितीये का? आधीच्या मॅचची निळी जर्सी कॉटनची, मेक्सिकोच्या उन्हात जड व्हायची, म्हणून कोच बिलार्दोने हलकी हवी म्हणून हट्ट धरला आणि मेक्सिको सिटीतल्या दुकानांतून दुसऱ्या निळ्या जर्सी आणल्या गेल्या, त्यावर घाईघाईने बिल्ले शिवले, चंदेरी नंबर लावले. मॅचनंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी जर्सी बदलली. 2022 ला ती सोदबीच्या लिलावात 71 लाख पौंडांच्या वर गेली. त्याआधी मॅराडोनाच्या घरच्यांनी म्हटलं की ही पहिल्या हाफची, गोलवाली नाही. मग जुने फोटो आणि जर्सीवरचे बारीक तपशील ताडून बघितले गेले. याला फोटो-मॅचिंग म्हणतात.

यातून आपल्याला घ्यायचं ते एवढंच की इतक्या प्रसिद्ध जर्सीलाही पुरावा द्यावा लागला. तुम्हाला कोणी मॅच वॉर्न देत असेल तर कुठली मॅच, कोणाकडून आली, मधे कोणाकोणाकडे होती हे कागदावर मागा, मग त्या मॅचचे फोटो शोधून नंबरची जागा, शिवणीवर पट्टे कुठे जुळतात, बिल्ला किती तिरका आहे हे बघा. हे जमत नसेल तर रेप्लिका म्हणून जो भाव होईल तोच द्या.

पायरी 10: आणि भारताची जर्सी

याबद्दल कोणी बोलत नाही आणि मला हेच सगळ्यात जास्त सांगायचंय. 1956 ला मेलबर्नला ऑलिम्पिकमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं, त्यात हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्यातल्या आसगावचा. 1962 ला जकार्ताला दक्षिण कोरियाला 2-1 हरवून एशियन गेम्सचं सुवर्ण. या जर्सी दुकानात विकायला कधी आल्याच नाहीत, त्यामुळे आज ज्या असतील त्या खेळाडूंच्या घरी ट्रंकेत नाहीतर गेल्याच.

आपल्या हाताला लागण्यासारखा काळ म्हणजे नाइकेचा, 2006 ते 2018. त्यात 2007, 2009, 2012 चे नेहरू कप आहेत, 27 वर्षांनी खेळलेला 2011 चा एशियन कप आहे, क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक अशी गोव्याची माणसं आहेत, आणि 2017 चा अंडर-17 वर्ल्डकप, ज्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. डिसेंबर 2018 पासून सिक्सफाईव्हसिक्स आणि 2023 पासून परफॉर्मॅक्स या कंपन्या आल्या. या जर्सी अजून घराघरात पडून आहेत आणि त्यांना बाजारात भाव नाही, म्हणून लोक पोछ्याला वापरतात. म्हणून आत्ताच शोधा. पणजी-मडगावला, कोल्हापूरच्या तालमींच्या आसपास, मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळलेल्या जुन्या लोकांकडे विचारा.

जाल तेव्हा विकत घ्यायला म्हणून जाऊ नका. बसा, ऐका, परवानगी घेऊन जर्सीचे आतून-बाहेरून फोटो काढा, कुठल्या मॅचची, कोणी दिली, नंबर शिवलेला की छापलेला, लेबलवर काय आहे, सगळं त्यांच्यासमोर वहीत लिहून घ्या आणि तारीख टाका. जर्सी त्यांना ठेवायची असेल तर ठेवू द्या, पण निघण्याआधी बटर पेपर आणि सुती पिशवी देऊन जा, आणि घडी कशी घालायची ते घरातल्या तरुण पोराला दाखवून या.